निवृत्तीला उरली किती वर्षं, आणि हिशेब कुणाच्या वयावर मांडायचा?

पूर्वमुलुंड:

मंडळी, नमस्कार.

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९७३ आहे. माझ्या पिढीत ही तारीख घरटी सापडते. जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली तीच पुढे सगळ्या कागदांवर आली. कंपनीत निवृत्तीचं वय ५८. आमच्याकडे सरकारी नियमच लावतात, म्हणजे १ तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त. त्यामुळे माझा शेवटचा दिवस ३१ मे २०३१. हातात साडेपाच वर्षंसुद्धा नाहीत.

अंधेरी एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत १९९८ पासून आहे. राहतो मुलुंड पूर्वेला, जागा स्वतःची, कर्ज फिटलं. बायको माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरी शिकवण्या घेते, तिला पीएफ-पेन्शन काही नाही. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुलीचा खर्च आणि माझं जाणं-येणं वगळलं तर घर ४५,००० रुपयांत चालतं. शिल्लक मुख्यतः पीएफमध्ये, थोडी पीपीएफ, थोडे म्युच्युअल फंड आणि एक एफडी.

मी पाहिलेले सगळे कॅल्क्युलेटर एकच प्रश्न विचारतात: तुमचं वय किती? मग ८० पर्यंतचा हिशेब करून एक रक्कम दाखवतात. मला हेच पटत नाहीये. मी ८० चा होईन तेव्हा बायको ७४ ची असेल. तिच्या आईला आज ८८ वर्षं आहेत आणि त्या स्वतःचा चहा स्वतः करून घेतात. मग हिशेब माझ्या वयावर थांबवून कसं चालेल? निवृत्तीला किती वर्षं उरली हे कॅलेंडर सांगतं. पगाराविना किती वर्षं काढायची, हे मात्र दोघांतल्या धाकट्याच्या वयावर मोजायला हवं असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी हे करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

गिरणगावकर:

प्रश्न योग्य आहे, पण एक पायरी अलीकडे या. ३१ मे २०३१ ही तारीख कंपनीने दिलेली आहे. ती कंपनी पाळेलच असं नाही.

माझे वडील लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते चाळिशीत होते. निवृत्तीला अजून पंधरा-सोळा वर्षं आहेत, तोवर मोठा भाऊ कमावता होईल, असा त्यांचा हिशेब होता. संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, त्यांतल्या फार थोड्यांना पुन्हा साच्यावर उभं राहायला मिळालं. आई खानावळ चालवायला लागली आणि घर तिच्यावर चाललं.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही. अंधेरी एमआयडीसीत पूर्वी जिथे शेड होत्या तिथे आज काचेच्या इमारती आहेत, हे तुम्ही रोज बघताच. कारखाना भिवंडीला किंवा गुजरातेत हलला, व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना आली, तर ५५ लाच घरी बसावं लागेल. म्हणून दोन तारखा धरा, एक कागदावरची आणि एक तीन वर्षं आधीची. आधीच्या तारखेला घर चालतं का ते पाहा. चालत नसेल तर कुठे कमी पडतं ते आत्ताच दिसेल.

चिंचपोकळी_ते_चर्चगेट:

वाचनखूण साठवली. नवरा-बायकोने एकत्र बसून वाचावा असा धागा.

पासबुक:

मी आयुष्यभर पगार आणि पीएफचं काम केलं, गेल्या वर्षी निवृत्त झालो. पेन्शनबद्दल लिहितो, कारण तिथेच लोकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो.

ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, साइटवर तुमचं पासबुक उघडा आणि पेन्शनचा रकाना नीट पाहा. ऑगस्ट २०१४ पर्यंत दरमहा ५४१ रुपये दिसतील आणि त्यानंतर १,२५०. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात. पण ते पूर्ण पगारावर कापत नाहीत, ठरलेल्या मर्यादेवर कापतात. मर्यादा आधी ६,५०० होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. वीस वर्षांहून जास्त सेवा करून ५८ ला निवृत्त झालं की दोन वर्षं वाढवून मिळतात. तुमची ३३ अधिक २, म्हणजे ३५. त्याला १५,००० ने गुणून ७० ने भागलं की ७,५०० येतात, आणि बहुतेक जण हाच आकडा मनात धरून बसतात. तेवढे मिळत नाहीत. सप्टेंबर २०१४ पूर्वीची वर्षं ६,५०० च्या मर्यादेने मोजतात आणि नंतरची १५,००० च्या. तुमची दोन्हीकडे साधारण सोळा-सोळा वर्षं पडतात. म्हणजे पेन्शन साडेपाच हजारांच्या आसपास. तीही महागाईबरोबर वाढत नाही. ५८ ला जी बसली ती ७८ लाही तीच.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर येतो. तुमच्या पश्चात पत्नीला त्यातले निम्मे मिळणार, म्हणजे पावणेतीन हजार. ज्या दिवशी घरात एकच माणूस उरेल त्या दिवसापासून पेन्शनही निम्मी. म्हणून हिशेब धाकट्याच्या वयावर मांडायचा हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

आधी कुठे दुसरीकडे नोकरी केली असेल तर ती सेवा या खात्याला जोडली आहे का, आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, तेही पाहा. आधार, पीएफ आणि दाखला, तिन्हीकडे १ जून १९७३ हवंच. दुरुस्तीला कंपनीची सही लागली तर ती कंपनी चालू असतानाच मिळते.

दहिसरची_मावशी:

मी या धाग्यावर लिहावं की नको, असा विचार करत होते. लिहितेच.

आमचे हे ६० ला निवृत्त झाले आणि ६४ ला गेले. मी तेव्हा ५७ ची होते. आज ७१ ची आहे. म्हणजे त्यांची निवृत्ती चार वर्षांची होती आणि माझी चौदा वर्षांची झाली, अजून चालू आहे.

लोक म्हणतात, दोघांतलं एक माणूस कमी झालं की खर्च निम्मा होतो. मुळीच होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच. लाइट बिलात थोडा फरक. गॅस थोडा जास्त दिवस पुरतो. भांडीवाली तेवढेच घेते. उलट पूर्वी बँकेची कामं, नळ दुरुस्ती, डॉक्टरकडे नेणं-आणणं हे सगळं तेच करत. आता प्रत्येक वेळी रिक्षा, नाहीतर कुणाला तरी पैसे देऊन काम करून घ्यायचं. माझा खर्च दोघांच्या तीन चतुर्थांशापेक्षा खाली कधी आला नाही.

एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली होती. पोस्टातलं ज्येष्ठ नागरिकांचं खातं त्यांनी माझ्यासोबत जोडीने उघडलं होतं. त्यामुळे त्यातले पैसे मला विनासायास मिळाले. ज्या एफडीवर त्यांचं एकट्याचं नाव होतं आणि नॉमिनी सासूबाई, ज्या आधीच वारल्या होत्या, तिच्यासाठी मात्र मला महिनोन् महिने बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. प्रत्येक खेपेला नवा कागद.

पूर्वमुलुंड, एवढंच सांगते. हिशेब करायला बसाल तेव्हा वहिनींना शेजारी बसवा, आणि लिहायला पेन त्यांच्या हातात द्या. पैसे कुठे आहेत हे ज्याला एकट्याने शोधावं लागतं त्याला दुःख करायलाही वेळ मिळत नाही.

पूर्वमुलुंड:

मावशी, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. आज तिनेच एक वही काढून पहिल्या पानावर सगळ्या खात्यांची नावं लिहायला घेतली आहेत.

पासबुक सर, पेन्शनचा रकाना पाहिला. ५४१ आणि १,२५०, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच. आता पुढचा आकडा काढायला मदत कराल का?

पासबुक:

काढू या. वहीत उतरवून घ्या.

आजचे ४५,०००. महागाई ६ टक्के धरली तर तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा त्याच घरखर्चाला महिना साधारण ६१,००० लागतील. ६ टक्क्यांनी पैसा बारा वर्षांत दुप्पट लागतो, म्हणजे तुम्ही सत्तरीत याल तेव्हा १,२२,०००. आकडा मोठा वाटतो, पण २००१ साली मुलुंडमध्ये महिन्याचं घर कितीत चालायचं ते आठवून पाहा.

६१,००० मधून पेन्शनचे साडेपाच हजार वजा केले की साडेपंचावन्न हजार राहतात, वर्षाला ६ लाख ६६ हजार. शिलकीवरचं व्याज कर भरून नेमकं महागाईइतकंच मिळालं असं धरलं, तर जितकी वर्षं तितक्या पट रक्कम लागते.

तुमच्या वयावर ८० पर्यंत मोजलं तर २२ वर्षं, सुमारे १ कोटी ४६ लाख. वहिनी तेव्हा ५२ च्या असतील. त्यांच्या नव्वदीपर्यंत मोजलं तर ३८ वर्षं, म्हणजे अडीच कोटींच्या थोडं वर. घर तेच, खर्च तोच, फक्त वय कुणाचं धरलं एवढ्यावर एक कोटीचा फरक पडतो.

अडीच कोटी वाचून खचू नका. सगळा पैसा एफडीत न ठेवता काही भाग इक्विटीत, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत, ठेवून महागाईपेक्षा सरासरी दोन टक्के जास्त मिळवता आले, तर हीच ३८ वर्षं साधारण १ कोटी ८० लाखांत निघतात. म्हणून २२ वर्षांच्या आणि ३८ वर्षांच्या निवृत्तीची गुंतवणूक एकसारखी असू शकत नाही. लांबच्या वर्षांसाठीचा पैसा आजपासून पंचवीस वर्षांनी लागणार आहे, त्याला वाढायला वाव द्यायलाच हवा. जवळच्या पाच-सात वर्षांचा मात्र सुरक्षित ठेवा.

त्या जवळच्या पैशासाठी सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीम उत्तम. मर्यादा ३० लाख आणि व्याज ८.२ टक्के धरलं तर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात. एरवी ६० वर्षं पूर्ण लागतात, पण नोकरीतून निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही उघडता येतं. त्यासाठी निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. ही मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. मावशींनी सांगितलं तसं वहिनींचं नाव जोडीला हवंच, कारण त्यांना स्वतःचं खातं उघडायला त्यांची साठी उजाडेल.

ग्रॅच्युइटी विसरू नका. शेवटचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. शेवटचा बेसिक ६०,००० असेल तर ३३ वर्षांचे ११ लाख ४२ हजार होतात. २० लाखांपर्यंत करमुक्त.

नर्सबाई_परळ:

पैशाचं झालं, आता मेडिक्लेमचं बोलते. रोज वॉर्डात बघते म्हणून कळकळीने लिहितेय.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीच्या दिवशी संपतो. तोपर्यंत बीपी नाहीतर साखर लागलेली असते. मग ५८ ला नवी पॉलिसी घ्यायला गेलात की आधीपासूनच्या आजारांना थांबायचा काळ सुरू होतो. हा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. म्हणजे सर्वांत जास्त गरज ज्या वर्षांत, त्याच वर्षांत ते आजार कव्हरबाहेर. तुम्ही आज ५२ चे आहात. याच वर्षी दोघांची स्वतःची पॉलिसी घेतलीत, तर कंपनीची पॉलिसी संपायच्या आधीच तो काळ मागे पडलेला असेल. प्रपोजल फॉर्मवर आजार लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय.

सत्तरी ओलांडली की आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कव्हर मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण तुम्हा दोघांच्या सत्तरीत सहा वर्षांचं अंतर आहे, हे धाग्याच्या मूळ मुद्द्यात धरा.

बी_विंग_तिसरा_मजला:

मुलुंड पूर्व म्हटल्यावर विचारतो, इमारत किती जुनी? पुनर्विकासाचं काही चाललंय का?

पूर्वमुलुंड:

१९८४ ची. दोन मीटिंग झाल्या आहेत. बिल्डर अजून ठरलेला नाही.

बी_विंग_तिसरा_मजला:

मग हे वाचाच. आमची इमारत पाडली तेव्हा वडील निवृत्त होऊन वर्षच झालं होतं. तीन वर्षांत ताबा म्हणाले होते. मध्येच काम थांबलं, पुढे बिल्डरने भाड्याचे चेक द्यायचं बंद केलं. आई-वडिलांनी ते दिवस पीएफच्या पैशातून भाडं भरत नालासोपाऱ्यात काढले. जे पैसे वीस वर्षं पुरायचे होते त्यांतला मोठा लचका तिथे गेला. शेवटी घर मिळालं, पण तोवर वडील थकले होते.

म्हणून माझं ठाम मत आहे की पुनर्विकासात बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, निवृत्तीच्या रकमेत अजिबात धरू नये. तो बाजूला ठेवावा, कारण नवीन टॉवरचा मेंटेनन्स त्यालाच पुरवायचाय. लिफ्ट, जनरेटर, सिक्युरिटी, पोडियम पार्किंग, सगळ्याचं बिल येतं. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे. जुनं घर त्यात बसत असेल आणि नवं त्याच्या वर गेलं तर तोही सुरू होतो. वाढीव जागेचा आनंद सगळ्यांना होतो, पण मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारणारा एकही माणूस मी पाहिला नाही. तुमच्या सोसायटीत तुम्ही विचारा. आणि करारनाम्यात वहिनींचं नाव घालून घ्या, नव्या घराच्या कागदावर दोघं असू द्या.

तळकोकणी:

आमच्याकडे दर दुसरा माणूस म्हणतो, रिटायर झालो की गावी जाऊन राहणार, मुंबईची जागा भाड्याने देणार. कागदावर छान बसतं, भाडं येतं आणि खर्च कमी होतो. मी कणकवलीजवळ घर दुरुस्त करून घेतलं. एक सांगतो, जायचं ठरवायच्या आधी जुलै महिना तिथे काढा. मे महिन्यात सगळ्यांनाच गाव आवडतं. पावसात लाइट गेली की दोन दिवस येत नाही, आणि रात्री छातीत दुखलं तर चांगलं हॉस्पिटल किती अंतरावर आहे ते स्वतः गाडी चालवून बघा. बायकोला तिथे एकटीला राहता येईल का, हेही तिलाच विचारा. आमच्या हिने स्पष्ट नाही म्हटलं, म्हणून आम्ही सहा महिने इथे, सहा महिने तिथे असं ठेवलंय आणि ते झकास चाललंय.

मंत्रालय_स्टाफ:

सरकारी लोकांसाठी थोडं. राज्य सरकारात वर्ग अ ते क निवृत्ती ५८ ला, वर्ग ड ६० ला, केंद्राकडे ६०. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, ती शेवटच्या पगाराच्या निम्मी अधिक महागाई भत्ता. कुटुंबनिवृत्तिवेतन मात्र एरवी ३० टक्के. म्हणजे जुन्या पेन्शनवाल्यांच्या घरीही पत्नीच्या हाती कमीच येतं. आमच्या लोकांना वाटतं आपल्याला हिशेबाची गरज नाही. तीस टक्क्यांवर घर चालवून दाखवा, मग बोला.

पूर्वमुलुंड:

रविवारी आम्ही तिघं बसलो. पेन बायकोच्या हातात होतं.

व्याजदर असेच राहिले तर ३१ मे २०३१ ला पीएफ, पीपीएफ, फंड, एफडी आणि ग्रॅच्युइटी मिळून दीड कोटीच्या थोडं पुढे जाऊ असं दिसतंय. म्हणजे १ कोटी ८० लाखांना पंचवीस-एक लाख कमी. मुलीने वही ओढून घेतली आणि म्हणाली, माझ्या लग्नासाठी बाजूला काढलेली एफडी यात धरा, मी कोर्टात लग्न करणार. तिची आई त्यावर एक अक्षर बोलली नाही, पण एफडी अजून त्या यादीत गेलेली नाही.

बायकोने दुसरी वाट काढली. ती म्हणाली, तुम्ही ५८ ला थांबाल तेव्हा मी ५२ ची असेन, मग मी का थांबू? शिकवण्या आज जेमतेम आठ-नऊ मुलांच्या आहेत. मुलगी शिकून बाहेर पडली की ती खोली मोकळी होईल, संध्याकाळच्या दोन बॅच घेता येतील. साठीपर्यंत तिने महिना वीस हजार आणले तर आमच्या शिलकीला पहिली आठ वर्षं फार कमी हात लागेल. इतके दिवस मी तिचं वय फक्त खर्चाच्या बाजूला मांडत होतो. कमाईच्या बाजूला ते तिने मांडलं.

पॉलिसीसाठी दोघांच्या तपासण्या या आठवड्यात करतोय. ५५ चा हिशेबही केला, गिरणगावकर. तो आज बसत नाही. म्हणून म्युच्युअल फंडातली दरमहाची एसआयपी पुढच्या पगारापासून वाढवतोय.

एक अडचण आहे. पीएफला नॉमिनी आईच आहे, लग्नाआधीचा १९९८ चा फॉर्म. बायकोचं नाव घालायला गेलो तर आधारवर तिचं माहेरचं आडनाव आहे आणि बँकेत सासरचं. आधी काय बदलायचं?

पासबुक:

आधी एक सांगतो. लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरतं. म्हणजे कागदावर आई दिसत असल्या तरी आज तुमच्या पीएफला नॉमिनी कुणीच नाही. हे काम याच आठवड्यात करा, बाकी सगळं नंतर.

क्रम असा. कुठलं आडनाव ठेवायचं ते वहिनींनी ठरवावं. ते आधार, पॅन आणि बँक तिन्हीकडे एक करा. आधारवर सासरचं हवं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागेल. माहेरचंच ठेवायचं असेल तर फक्त बँकेत बदला, ते लवकर होतं. तोवर ई-नॉमिनेशन मात्र आज आधारवर आहे त्याच नावाने भरा. तुमचा फोटो प्रोफाइलला असायला हवा, त्यांचा फोटो आणि आधार क्रमांक लागेल, मुलीचंही नाव कुटुंबात घाला. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-साइन होतं. बरेच जण सेव्ह करून थांबतात आणि ई-साइन राहून जातं, मग नॉमिनेशन पेंडिंगच दिसतं. ते झाल्यावर पीडीएफ निघते. तिची एक प्रत वहिनींच्या वहीत लावा.

दहिसरची_मावशी:

माझं आडनाव बँकेत एक आणि रेशनकार्डावर एक होतं, त्यासाठी मला प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाच्या बाहेर ताटकळावं लागलं होतं. दोघं सोबत आहात तोवर करून घ्या. वहिनींना सांगा, बॅच सुरू झाली की इथे लिहा, आमच्या भाचीची मुलगी मुलुंडलाच असते, तिला गणिताची शिकवणी हवीच आहे.